प्रयोगवहीतील क्रियापद

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची प्रयोगवही चाळली असता 'कृती' या सदराखाली बहुधा अशी वाक्ये आढळतात : 'लंबकाची लांबी एक मीटर घ्यावी. वीस आंदोलनांचा काल मोजावा.' व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. परंतु ती वृत्तान्ताची नव्हेत. विध्यर्थी क्रियापद काय करावयाचे ते सांगते; कोणी काही केले, याची ग्वाही ते देत नाही. प्रयोग न करताही असे लेखन पूर्ण करता येते, आणि पुष्कळदा केलेही जाते.

यावर उपाय म्हणून 'काल मोजण्यात आला' अशी रचना सुचविली जाते. इंग्रजी कर्मणी रचनेची ती छाया होय. वस्तुतः मराठीस तिची गरज नाही. काही मोजके धातू वगळता सकर्मक धातूचा भूतकाळ मराठीत मुळातच कर्मणी प्रयोगात येतो. 'दोरा बांधला, लांबी मोजली, माप घेतले' यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, आणि कर्ता अध्याहृत राहिला तरी वाक्य पांगळे होत नाही. शास्त्रीय लेखनास हवी असलेली तटस्थता येथे आयतीच हाती येते.

या रूपाचा खरा लाभ मात्र निराळा आहे. समजा, वीस आंदोलनांस ४०.४ सेकंद लागले. आवर्तकाल २.०२ सेकंद झाला. लांबी एक मीटर धरल्यास गुरुत्वत्वरण सुमारे ९.६८ मीटर प्रति वर्ग सेकंद येते. पुस्तकात ९.८ असते. अशा वेळी विद्यार्थी ४०.४ खोडून ४०.१ करतो, आणि गुणही मिळवितो! परंतु वहीत 'दोऱ्याची लांबी १०० सेंटिमीटर मोजली. गोळ्याचा व्यास ३ सेंटिमीटर भरला' असे घडले तसे लिहिलेले असते, तर चूक तेथेच दिसली असती. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावयाची असते, ती १०१.५ सेंटिमीटर धरताच त्याच ४०.४ सेकंदांवरून ९.८२ हे मूल्य येते. निरीक्षण बरोबर होते. खोडला गेला तो बरोबर आकडा.

रॉबर्ट बॉइल याने १६६१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधसंग्रहात फसलेल्या प्रयोगांवर दोन स्वतंत्र निबंध घातले आहेत. आपल्या प्रयोगवह्यांत साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान अशी सदरे असतात. न जुळलेल्या आकड्याची चर्चा करण्यास बहुधा जागाच ठेविलेली नसते.