इंजिनाचा ताप
स्कॉटलंडमधील ‘सिक्स डेज ट्रायल’ ही वेगाची शर्यत नव्हे. खडकाळ ओढ्यांतून, पाय जमिनीला न टेकता, मोटारसायकल वर चढवून नेणे ही तिची कसोटी होय. १९६५ साली सॅमी मिलर यांनी ती टू-स्ट्रोक इंजिनाच्या बुल्टाको गाडीवर जिंकली.

अशा गाडीची गती माणसाच्या चालीएवढी. सिलिंडरभोवतीच्या पात्यांना वारा मिळत नाही. तेव्हा इंजिन तापणारच. परंतु हा ताप स्वाभाविक की दोषाचा? गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडी पळवावी. वाऱ्याने ताप उतरला, तर पात्यांतील चिखल काढला की बहुधा भागते. न उतरल्यास स्पार्क प्लग काढून पाहावा. टोकाभोवतीची चिनी माती तपकिरी असावी. पांढरी दिसली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. पांढरा रंग येथे शुभ नव्हे!

यावर पुष्कळजण पेट्रोलमध्ये तेल अधिक मिसळतात. पण जेटच्या त्याच छिद्रातून तेल जास्त गेले की पेट्रोल तेवढे कमी जाते. दट्ट्या अधिकच तापून फुगतो, सिलिंडरमध्ये अडकतो आणि ऐन चढणीवर मागचे चाक जखडते. त्याऐवजी जेट साफ करावी. मग कार्ब्युरेटरच्या सांध्यावर ग्रीस चोपडून इंजिन मंद चालवावे. त्याचा बेताल आवाज नियमित झाला, तर हवा तेथूनच शिरत होती.