छेदात कोण आहे? छोट्या शाळा-जिल्ह्याची निवडणूक आणि संशोधनातला पहिला प्रश्न



"बोर्ड" म्हटलं की आपल्याला दहावी-बारावी आठवते. हॉल तिकीट, सीट नंबर, निकालाची तारीख. अमेरिकेतल्या खेड्यात "स्कूल बोर्ड" म्हणजे वेगळंच काहीतरी. तिथे परिसरातल्या लोकांनी मतदान करून निवडलेली पाच-सात-नऊ माणसांची समिती आपल्या शाळा चालवते. आज या निवडणुकीबद्दल लिहिते आहे. पण लेखाचा खरा विषय आहे छेद. हो, अंश आणि छेद यातलाच छेद.

माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी स्थानिक निवडणुकांवर सेमिनार द्यायचा होता. मी न्यूयॉर्क राज्यातल्या काही ग्रामीण शाळा-जिल्ह्यांचे आकडे घेतले. पडलेली मतं भागिले त्या भागातली प्रौढ लोकसंख्या, गुणिले शंभर. सुंदर तक्ता तयार झाला. निष्कर्षही तयार होता: "ग्रामीण मतदार शाळेबाबत उदासीन आहेत."

गाईड सरांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "हा छेद कुठून आणलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे कळलं, ते तुम्हाला प्रस्ताव लिहायच्या आधीच कळावं म्हणून हा लेख.

आधी रचना समजून घेऊ

अमेरिकेत सुमारे १३ हजार शाळा-जिल्हे आहेत. "जिल्हा" हा शब्द ऐकून सातारा किंवा यवतमाळ डोळ्यांसमोर आणू नका. ग्रामीण भागात एका शाळा-जिल्ह्यात कधी काहीशेच मुलं असतात आणि सगळे वर्ग एकाच इमारतीत भरतात. १९३९-४० मध्ये असे जिल्हे सुमारे १ लाख १७ हजार होते. पुढच्या काही दशकांत विलीनीकरण होत होत ते इतके कमी झाले. त्यामुळे "आपली शाळा शेजारच्या गावात जाईल" ही भीती तिथल्या छोट्या गावांना नवी नाही.

न्यूयॉर्क राज्याचं उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क शहरासारखी मोठी शहरं वगळली, तर जवळपास सगळीकडे मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मतदान होतं. मतदार त्या दिवशी दोन कामं करतात. एक, बोर्डाचे सदस्य निवडायचे. दोन, शाळेच्या पुढच्या वर्षाच्या बजेटला हो किंवा नाही म्हणायचं. बऱ्याचदा नवी स्कूल बस घ्यायची का, हाही प्रश्न मतपत्रिकेवर असतो. उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नसतो. शाळा-जिल्ह्याचा कर्मचारी त्याच जिल्ह्याच्या बोर्डावर बसू शकत नाही. एका कुटुंबातले दोघेही एका बोर्डावर चालत नाहीत.

निवडून आलेलं बोर्ड सुपरिटेंडेंट नेमतं, बजेट मांडतं, धोरण ठरवतं. बजेटचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून मत देणाऱ्याचा खिसा थेट गुंतलेला असतो. बजेट पडलं तर जूनच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा मतदान घेता येतं. तेही पडलं तर काटकसरीचं आपत्कालीन बजेट लागू होतं आणि मालमत्ता कराची एकूण वसुली मागच्या वर्षीपेक्षा वाढवता येत नाही.

२०११ च्या कायद्याने आणखी एक अट आली. करवाढ ठरलेल्या मर्यादेच्या वर न्यायची असेल तर साधं बहुमत पुरत नाही, ६० टक्के मतं लागतात. समजा ५०० जणांनी मत दिलं आणि २९० जण "हो" म्हणाले. ५८ टक्के झाले. बहुमत आहे, तरी बजेट पडलं! दहा माणसं कमी पडली. छोट्या जिल्ह्यात दहा माणसं म्हणजे दोन-तीन घरं.

आता माझ्या चुका, एकेक करून

पहिली चूक: मतदार कोण, हे मी पाहिलंच नाही. मतदार अमेरिकेचा नागरिक हवा, १८ वर्षं पूर्ण हवीत आणि त्या शाळा-जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. शाळा-जिल्ह्याची हद्द गावाच्या हद्दीशी जुळतेच असं नाही. ती दोन-तीन गावांतून, कधी दोन काउंट्यांमधून जाते. मी घेतली होती गावाची लोकसंख्या. म्हणजे अंश एका नकाशावरचा आणि छेद दुसऱ्या!

त्याहून मोठी गंमत म्हणजे राज्याच्या कायद्यात दोन प्रकारचे शाळा-जिल्हे आहेत: मतदार नोंदणी ठेवणारे आणि न ठेवणारे. दुसऱ्या प्रकारात पात्र माणूस मतदानाच्या दिवशी येतो आणि मत देतो. तिथे आधीपासून तयार यादीच नसते. यादी नाही, तर टक्केवारी कशाची काढणार? अशा वेळी प्रामाणिक संशोधक "इतकी मतं पडली" एवढंच लिहितो, किंवा छेद अंदाजाने घेतला आहे आणि तो असा घेतला आहे हे स्पष्ट सांगतो.

दुसरी चूक: लढत होती का, हे पाहिलं नाही. समजा दोन जागा आणि तीन उमेदवार आहेत. काही जिल्ह्यांत सगळे एकत्र लढतात आणि जास्त मतांचे पहिले दोघे निवडून येतात. काही ठिकाणी प्रत्येक जागा वेगळी असते. तिथे एका जागेवर दोघे भिडतील आणि दुसरीवर तिसरा बिनविरोध बसेल. माणसं तीच, गाव तेच. पण तुमच्या डेटाशीटमधला "स्पर्धा" हा रकाना नियमानुसार बदलला. आणि बिनविरोध निवडणुकीत मतं कमी पडली, तर त्याला उदासीनता म्हणायचं की "ठीक चाललंय" म्हणायचं? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

तिसरी चूक: दिवस पाहिला नाही. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरात होते, शाळेची मे महिन्यात. वेगळ्या दिवशी मतदान ठेवलं की कमी लोक येतात. जे येतात त्यांत थेट हितसंबंध असलेल्यांचं वजन वाढतं. राज्यशास्त्रज्ञ सारा अँझिया यांनी आठ राज्यांतल्या शाळा-जिल्ह्यांवर हे तपासलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात दिसतं की, ज्या जिल्ह्यांच्या निवडणुका मोठ्या निवडणुकांपासून वेगळ्या दिवशी होतात, तिथे अनुभवी शिक्षकांचे पगार ३ टक्क्यांहून थोडे जास्त आहेत. शिक्षकांना पगार जास्त मिळावा की नाही, हा वेगळा वाद. इथे धडा इतकाच की निवडणुकीची तारीख हासुद्धा एक व्हेरिएबल आहे, आणि ती तारीख कुणीतरी ठरवलेली असते.

मत द्यायचा हक्क कुणाला?

आता छेदाचा सगळ्यात मुळाचा प्रश्न. शाळेच्या निवडणुकीत फक्त पालकांनी मत द्यावं की सगळ्यांनी?

न्यूयॉर्कच्या काही शाळा-जिल्ह्यांत पूर्वी नियम होता की, जिल्ह्यात करपात्र घर-जमीन स्वतःची किंवा भाड्याने असेल, किंवा मूल तिथल्या सरकारी शाळेत असेल, तरच मत देता येईल. क्रेमर नावाचे एक ३१ वर्षांचे अविवाहित गृहस्थ आईवडिलांच्या घरी राहत होते. स्वतःचं घर नाही, भाड्याचं नाही, मूल नाही. त्यांना मत नाकारलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांना शाळेच्या कारभारात खरोखर रस आहे अशांनाच मत द्यायचा तुमचा हेतू धरला, तरी हा नियम तो हेतू नीट साधत नाही. शाळेत काडीचा रस नसलेला भाडेकरू मत देऊ शकतो आणि रस असलेला क्रेमरांसारखा रहिवासी देऊ शकत नाही.

म्हणजे छेद मोठा झाला. पण हक्क असणं आणि मतदानाला येणं यात फरक आहे. व्लादिमीर कोगन आणि सहकाऱ्यांनी चार राज्यांचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शाळेच्या निवडणुकीत प्रत्यक्ष मत देणाऱ्यांत बहुसंख्य लोक असे आहेत की ज्यांच्या घरी मुलं असण्याची शक्यता कमी. निर्णय मुलांबद्दलचे आणि मतदार बहुतांशी मुलं नसलेले. हे चूक आहे असं लगेच म्हणू नका, करही तेच भरतात. पण "लोकांनी बोर्ड निवडलं" या वाक्यातले "लोक" कोण, हे विचारायला शिका.

छोट्या आकड्यांचा सापळा

तुम्ही म्हणाल, शाळेचे निकाल वाईट आले तर मतदार बोर्ड बदलतील ना? क्रिस्टोफर बेरी आणि विल्यम हॉवेल यांनी साउथ कॅरोलायना राज्यात हेच तपासलं. २००० च्या निवडणुकीत खराब गुणांची शिक्षा सदस्यांना मिळाल्याचं दिसलं. २००२ आणि २००४ मध्ये मात्र तो संबंध दिसेनासा झाला. तेव्हा एका निवडणुकीवरून नियम बनवू नये.

त्यात जिल्हा छोटा असेल तर आणखी अडचण. समजा वर्गात १८ मुलं आहेत आणि पास होण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास असतं. इथे स्टँडर्ड एरर येते साधारण ११ टक्के. म्हणजे एका वर्षी ७० आणि पुढच्या वर्षी ६० हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. तेच १८०० मुलं असती तर स्टँडर्ड एरर १ टक्क्याच्या आसपास आली असती. एक मूल तापाने आजारी पडलं तरी छोट्या शाळेचा निकाल साडेपाच टक्क्यांनी हलतो. अशा आकड्यावरून बोर्डाला दोष देणारा मतदारही फसतो आणि शोधनिबंध लिहिणारा विद्यार्थीही.

आपल्याकडे काय?

जिल्हा स्कूल बोर्ड हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला परका नव्हता. जुन्या मुंबई राज्यात प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डांकडे होत्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ते काम त्यांच्याकडे गेलं. आज गावपातळीवर आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही समिती शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवते, विकास आराखडा तयार करते. ती कर लावत नाही, शिक्षक नेमत नाही. म्हणून "अमेरिकन बोर्ड विरुद्ध आपली समिती" अशी थेट तुलना करू नका. पण एक फरक टिपण्यासारखा आहे: आपल्या कायद्याने भर पालकांवर दिला, तिथल्या निकालाने दार सगळ्या रहिवाशांना उघडलं.

यात माझा वैयक्तिक धागाही आहे. माझा धाकटा भाऊ गावच्या शाळेत होता तेव्हा आई त्या समितीची सदस्य होती. हे आईला कळलं दोन वर्षांनी, तेही रजिस्टरवर दुसऱ्याच कुणीतरी केलेली सही पाहून. कागदावर महिलांचं प्रमाण पूर्ण होतं. कुणी संशोधक आला असता तर त्याने "५० टक्के महिला सहभाग" असं लिहून घेतलं असतं. आई त्या आकड्यात होती, सभेत नव्हती. सरांनी छेद विचारला तेव्हा मला पहिल्यांदा आई आठवली.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर हे पाच प्रश्न लिहा:

१. मत द्यायचा हक्क कुणाला आहे? कोणत्या नियमाने?
२. त्यांची यादी आहे का? कुणी ठेवली आहे?
३. मतदान कोणत्या दिवशी होतं आणि तो दिवस कुणी ठरवला?
४. खरी लढत होती का?
५. आकडा इतका छोटा आहे का, की चार माणसांनी निष्कर्ष उलटेल?

उत्तरं मिळाली नाहीत तर घाबरू नका. "मिळाली नाहीत" हेही लिहा, परीक्षक त्याचे मार्क कापत नाहीत. माझा तो सुंदर तक्ता मी शेवटी काढून टाकला. त्याच्या जागी फक्त मतांचे आकडे ठेवले आणि खाली दोन ओळींची टीप लिहिली. सेमिनार छोटा झाला, पण "हा आकडा कुठून आला" असं कुणी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर होतं.

पुढच्या लेखात बिनविरोध निवडणुकांचा डेटा कसा हाताळायचा ते पाहू. तोवर आपल्या गावच्या शाळेत जाऊन समितीच्या सदस्यांची यादी बघून या. आणि त्यातल्या एखाद्या काकूंना विचारा, शेवटची सभा कधी झाली होती.