आई आपली, बाप जंगलाचे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मध साठवणाऱ्या तीन माश्या ठळकपणे दिसतात. उंच फांदीला एकच मोठं पोळं टांगणारी आग्या, झुडपात छोटंसं पोळं बांधणारी फुलोरी आणि झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात समांतर पोळी लावणारी सातेरी. यांतली सातेरीच परसातल्या मधपेटीत रमते. मात्र गायीसाठी वळू निवडावा तसा सातेरीसाठी नर निवडता येत नाही.

कोवळी राणी पेटीबाहेर पडते आणि उडता उडता दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक नरांशी तिचा संग होतो. संग होताच नर मरतो. त्या साऱ्यांचं वीर्य ती पोटातल्या इवल्या पिशवीत साठवते आणि जन्मभर पुरवते. म्हणून एकाच पेटीत अनेक बापांच्या लेकी एकत्र नांदतात.

तिन्ही जातींच्या राण्या नरांना बोलावतात तो मुख्य गंध एकच असतो. तरी घोटाळा होत नाही, कारण प्रत्येकीची वेळ वेगळी. श्रीलंकेतल्या १९७६ च्या अभ्यासात फुलोरीचे नर दुपारी बारानंतर, सातेरीचे चारनंतर आणि आग्याचे संध्याकाळी सहाच्या पुढे उडताना आढळले. आकाश एकच, पाळ्या तीन!

इतके बाप हवेत कशाला? फलित अंड्यातून मादी जन्मते, अफलित अंड्यातून नर. पण फलित अंड्यात आई-बापाकडून लिंग ठरवणाऱ्या जनुकाचं एकच रूप आलं, तर त्यातूनही नरच घडतो. असा नर निरुपयोगी. कामकरी माश्या ती अळी खाऊन टाकतात. जवळच्या नात्यात संग वाढला की पिलांची चौकट ठिकठिकाणी रिकामी दिसते. बाप अनेक असले की हा धोका वाटला जातो.

म्हणजे जात सुधारायची तर आपल्या हाती आई आहे. वर्षभर प्रत्येक पेटीची नोंद ठेवावी. पावसाळ्याच्या उपासमारीतही घर न सोडणारी, सलग पिलं वाढवणारी, शांत आणि निरोगी वसाहत हेरावी. फुलोऱ्याच्या दिवसांत चौकट उन्हाला धरून पाहावी. नरांच्या घरांच्या झाकणावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. ही झाकणं दिसू लागली की नव्या राण्यांचा हंगाम आला. मग निवडलेल्या वसाहतीतली ताज्या अंड्यांची चौकट राणी नसलेल्या वसाहतीला द्यावी. कामकरी माश्या त्यातल्या काही अळ्यांना राजान्न भरवून सुमारे पंधरा-सोळा दिवसांत राणी घडवतात. मात्र सगळ्या राण्या एकाच आईच्या नकोत.

१९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. ज्या तगल्या त्यांच्यातूनच पुढे पेट्या पुन्हा भरल्या. विविधता हेच खरं औषध ठरलं.

पेटीतल्या राणीला लागणारे नर आसपासच्या ढोलींतूनही येतात. मधासाठी ढोल जाळली तर उद्याच्या राणीचे नवरदेवच जळतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गटात चर्चा करून माश्यांना न मारता मध काढण्याची वाट धरली. मधपाळाच्या दृष्टीने तीही जातसुधारणाच आहे. चांगली राणी घडवणाऱ्याने पेटीइतकीच जंगलातली ढोलही जपली पाहिजे.