गळा मोकळा, तर ध्वनिमुद्रण चांगले

पहाटे जात्यावर बसली की तासभर न थांबता ओव्या गाणारी आजी. तिलाच स्टुडिओतल्या बंद खोलीत माइकपुढे उभी केली, तर दुसऱ्या ओवीलाच अडखळते. "काय सुचंना बाई," म्हणून खाली बसते. यात आजीचा दोष नाही. तिची ओवी हातातल्या खुंट्याशी बांधलेली. हात थांबला की ओवीही थांबते.

पिठाची गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली. ओव्या पाठ असलेल्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात हे काम हाती घेतले आणि पुढे सहकाऱ्यांच्या मदतीने लाखावर ओव्या गोळा झाल्या. बाया जिथे गातात त्या गावांतच जाऊन त्या टिपल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या गावातल्या ओव्या, भजने, गौळणी राखायच्या तर आधी गाणाऱ्याची सोय पाहावी, मग यंत्राची.

आजीला जमिनीवर बसू द्यावे. शेजारी तिची जोडीदारीण हवी, म्हणजे ओवीला साथ मिळते. जात्याची घरघर आवाजावर चढत असेल तर माइकचे तोंड आजीकडे आणि पाठ जात्याकडे करावी. एकाच बाजूचे ऐकणारा माइक असेल तर घरघर बरीच कमी येते. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना वाऱ्याचा फटका बसतो.

खोली कोणती निवडावी?

रिकाम्या खोलीत आणि देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो. त्यापेक्षा धान्याची पोती रचलेली खोली बरी. पोती आवाज शोषून घेतात. ती नसेल तर भिंतींना गोधड्या टांगाव्यात. पत्र्याखाली पावसात काम धरू नये. पंखा बंद, मोबाईल बंद, गोठ्यातल्या घंटा लांब. आवाजाची पातळी आधी थोडी कमीच ठेवावी. कमी आवाज मागाहून वाढवता येतो. फाटलेला आवाज सहसा सुधारत नाही.

भजनी मंडळांची अडचण वेगळी. सप्त्यात मंडपभर आवाज पोचावा म्हणून बुवा उंच पट्टी धरतात. मंडपात ते खपते, पण माइकजवळ गळा ताणलेला ऐकू येतो. पेटीवाल्याने पट्टी एक-दोन सुरांनी उतरवून पाहावी. टाळ माइकपासून लांब ठेवावेत, नाहीतर त्यांच्या किणकिणाटात शब्द बुडतात. स्टुडिओचे भाडे बहुधा तासावर असते. तिथे जाऊन पखवाजाला कणीक लावत बसले, तर पैसे फुकट जातात. चाल, कडवी, कोण कुठे उचलणार हे गावातच पक्के करावे. हेडफोनने बुजणाऱ्याने तो एकाच कानावर ठेवावा, म्हणजे आपला आवाज आपल्याला ऐकू येतो.

यंत्रावर बसणाऱ्यानेही तारतम्य राखावे. चूक झाली की लगेच "थांबा, थांबा" म्हणून ओरडू नये. कडवे पुरे होऊ द्यावे, मग "झकास झालं, फक्त शेवटची ओळ पुन्हा घेऊ" असे म्हणावे. "नुसती चाल बसवू" म्हणत पहिले गाणेही टिपून ठेवावे. पुष्कळदा तेच सर्वांत मोकळे येते. सारखे गाऊन घेतले तर गळा बसतो. मध्ये कोमट पाणी आणि विसावा द्यावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि शाळेच्या गुरुजींनी एवढे करावे. गाणारीचे नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. तिला विचारल्याशिवाय गाणे बाहेर देऊ नये. ते विकले जाणार असेल तर मोबदला आधी कागदावर ठरवावा. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

सुगी संपली की घरोघर थोडी सवड असते. कोपऱ्यातले जाते पुसून आजीला हाक मारायला तेवढी पुरे. गळा आहे तोवरच हे काम होणार आहे.