नीटमध्ये गुण कमी पडले तर : परवाना हातात येईपर्यंतचा हिशेब

नीटचा निकाल लागला की आठवडाभरात मंडळाच्या कार्यालयात ओळखीचे चेहरे दिसू लागतात. आई-वडील पुढे, मुलगा किंवा मुलगी मागे मान खाली घालून. "काका, सरकारी कॉलेजपुरते गुण नाहीत, पण अगदीच वाईटही नाहीत. एक जण म्हणतो जॉर्जियाला पाठवा. काय करावं?" आम्ही दोघे-तिघे निवृत्त बँकवाले तिथे बसतो. डॉक्टरकीतले आम्हाला काही कळत नाही. पण कर्जाचे कागद आयुष्यभर वाचले असल्याने कुठे सही करण्याआधी थांबावे, एवढे सांगता येते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा लिहूनच ठेवतो.

आधी "पात्र" या शब्दाविषयी. 2025 च्या परीक्षेला सुमारे 22 लाख मुले बसली आणि 12 लाखांहून अधिक पात्र ठरली. खुल्या गटाची पात्रता होती 720 पैकी 144. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या जवळपास निम्म्या सरकारी. म्हणजे पात्र झालेल्या दहांपैकी एकालाच जागा. घरात पेढे वाटण्याआधी गुण नव्हे, अखिल भारतीय क्रमांक पाहावा. गुणांचा अर्थ दरवर्षी पेपर बदलला की बदलतो. बारावीच्या टक्क्यांची चिंता मात्र फार करू नये. खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून 50 टक्के लागतात, त्यापुढे प्रवेश नीटवर ठरतो.

आता आपल्या लोकांचा खास गैरसमज. "आपण मराठी, आजोळ पुण्याचं, मग महाराष्ट्रात अर्ज करू." घरात कितीही मराठी बोललो तरी कोट्याच्या लेखी आपण मध्य प्रदेशचेच. सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याच्या रहिवाशांना. महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांसाठी तिथला अधिवास दाखला तर हवाच, शिवाय साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण लागते. बदलीच्या नोकरीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, आपल्यासारख्या तीन-चार पिढ्या इथेच राहिलेल्यांना नाही. एका ओळखीच्या कुटुंबाने दहावीनंतर मुलीला मावशीकडे पुण्याला ठेवले, बारावी तिथून केली, आणि अर्ज भरताना कळले की दहावी इंदूरची असल्याने दार बंद. दोन वर्षांचा घरापासूनचा दुरावा त्या बाबतीत फुकट गेला. (बेळगाव भागातल्या वाचकांसाठी : वादग्रस्त सीमाभागातल्या गावांच्या मुलांना महाराष्ट्रात काही जागा राखीव असतात. ते जरूर पाहावे. हैदराबादकरांनी तेलंगणाचा सलग चार वर्षे तिथे शिकल्याचा नियम आधीच वाचावा.) महाराष्ट्रातल्या खासगी महाविद्यालयांचा 15 टक्के संस्था कोटा बाहेरच्यांना खुला असतो, पण तिथली फी वेगळ्याच अंकांत असते.

तेव्हा आपली खरी ताकद मध्य प्रदेशच्या कोट्यात आहे. इथली राज्य प्रवेशप्रक्रिया मनापासून करावी, केवळ एमजीएम इंदूर नि गजराराजा ग्वाल्हेर एवढेच पर्याय भरून थांबू नये. विदिशा, रतलाम, खंडवा, शहडोल, छिंदवाडा इथेही सरकारी महाविद्यालये आहेत. "शहडोलला कोण जाणार?" असे म्हणणारे आई-वडील त्याच मुलाला बिश्केकला पाठवायला तयार असतात, याचे आम्हाला दरवेळी नवल वाटते. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनाही विसरू नये. मध्य प्रदेश बोर्डात बारावीला 70 टक्के किंवा सीबीएसईत 85 टक्के असतील आणि कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असेल, तर फीचा मोठा भार सरकार उचलते. त्याबरोबर ग्रामीण सेवेचा बाँड येतो, तो नीट वाचावा. आम्हाला तो सौदा वाईट वाटत नाही.

डीम्ड विद्यापीठांत अधिवासाचा प्रश्न नाही, सगळ्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात. पण अनेक ठिकाणी वर्षाची फी 20 लाखांच्या पुढे आहे आणि नोंदणीलाच 2 लाख अनामत लागते. पुढच्या फेऱ्यांत जागा घेऊन सोडली तर ती जाते. "भरून तर ठेवू" हा विचार इथे महाग पडतो.

परदेशाबद्दल आमचे मत विरोधाचे नाही. नीट पात्र असल्याशिवाय तिथे जाता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे ठाऊक नसते. 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात तिथल्या नागरिकांसारखाच व्यवसायाचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. मग इथे परत येऊन परीक्षा, आणि पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप. सगळे 10 वर्षांत पुरे व्हावे लागते. फिलिपीन्सचा एमडी चार वर्षांचा, म्हणजे 48 महिने. हा हिशेब एजंटाच्या रंगीत पुस्तिकेत नसतो. पुस्तिकेत "एनएमसी मान्यताप्राप्त" असे मोठ्या अक्षरात असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी महाविद्यालयांची अशी मान्यता यादी काढतच नाही, त्यामुळे हे शब्द दिसले की तिथेच सावध व्हावे.

परत आल्यावरची परीक्षा म्हणजे एफएमजीई. वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरात होते. 300 प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी 150, चुकीला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपे. पण अलीकडच्या परीक्षांत पाचात एक ते फार तर तीनात एक, असेच उत्तीर्णांचे प्रमाण राहिले आहे. कमी गुणांची अडचण परदेशी गेल्याने सुटत नाही, सहा वर्षे पुढे ढकलली जाते. ज्याचा पाया बरा आहे, पण क्रमांक थोडक्यात हुकला, त्याला ती पुढे पार करता येईल. ज्याला 150 गुण मिळवताना दम लागला, त्याच्या बाबतीत आई-वडिलांनी स्वतःशी खरे बोलावे. शिवाय 2022 मध्ये युक्रेनमधून आणि 2024 च्या उन्हाळ्यात बांगलादेशातून मुले कशी परतली, ते सर्वांनी पाहिले. मध्येच महाविद्यालय बदलायची मुभा नियमात नाही.

आता आमच्या विषयाकडे. भारतीय बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे घर किंवा ठेव गहाण पडते. चार लाखांच्या वर स्वतःचा वाटा देशात 5 टक्के, परदेशासाठी 15 टक्के. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे लोक ऐकतात पण मनावर घेत नाहीत.

समजा, 30 लाख कर्ज, वर्षाला 6 लाख याप्रमाणे पाच वर्षांत उचलले, व्याज 10 टक्के. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची सूट धरून पहिल्या 6 लाखांवर साडेसहा वर्षांचे व्याज, पुढच्यावर साडेपाच, असे करत साध्या व्याजाने 13 लाख 50 हजार होतात. परतफेडीच्या दिवशी देणे 43 लाख 50 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 57,500 रुपये हप्ता. इथे शिकलेला मुलगा त्या दिवशी निदान नोंदणीकृत डॉक्टर असतो. परदेशातून आलेला त्या वर्षात एफएमजीईची तयारी करत असतो, पहिल्याच फटक्यात पास झाला तरी इंटर्नशिप बाकी असते. हप्ता मात्र सुरू झालेला असतो, आणि तो वडिलांच्या पेन्शनमधून जातो. असे दोन खातेदार आम्ही काउंटरच्या पलीकडे बसलेले पाहिले आहेत. दोघांचीही मुले हुशार होती.

म्हणून खर्चाचा तक्ता पदवीपर्यंत न करता परवान्यापर्यंत करा. त्यात विमानभाडे, डॉलरचा चढता भाव, कोचिंगची दोन सत्रे आणि मिळकतीशिवायची दोन वर्षे धरा. हा आकडा काढल्यावर एक वर्ष थांबून नीट पुन्हा देणे तितके लाजिरवाणे वाटत नाही. वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. पण दुसऱ्यांदा बसताना मुलाला विचारावे की बसायचे त्याला आहे की आपल्याला. त्याच निकालावर इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय, आयुर्वेद महाविद्यालय, महूचे पशुवैद्यक महाविद्यालय हेही खुले असतात. महूला गेलेली आमच्या वाड्यातली एक मुलगी आज सुट्टीत आली की गायी-म्हशींच्या गोष्टी सांगून सगळ्यांना हसवते. तिच्या वडिलांनी तेव्हा आठ दिवस कोणाशी बोलणे टाकले होते.

प्रवेशफेऱ्यांच्या तारखा केंद्राच्या आणि राज्याच्या वेगवेगळ्या असतात. दोन्ही संकेतस्थळे रोज स्वतः पाहावीत, व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नये. मूळनिवासी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला लागत असेल तर तो, या सगळ्याच्या मूळ प्रती निकालाआधीच एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. मूळनिवासी प्रमाणपत्रावरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हे आजच पाहा. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहायची पद्धत, इथल्या दाखल्यांत ते बऱ्याचदा गळते. दुरुस्तीला पंधरा दिवस सहज जातात, आणि फेरी तेवढे थांबत नाही.