मोटारीची चकाकी आणि आवारातला नळ

पहाटे सहाच्या सुमारास पुण्या-मुंबईकडच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. एका हाती बादली आणि खांद्यावर दोन फडकी घेतलेला माणूस ओळीने उभ्या असलेल्या मोटारी पुसत असतो. एकेका गाडीच्या वाट्याला त्याची जेमतेम पाच-सात मिनिटे येतात. त्याच आवारात रविवारी सकाळी दुसरे दृश्य पाहावयास मिळते. गाडीचा मालक स्वतः रबरी नळी हाती धरून आपल्या वाहनाला मंगलस्नान घालीत असतो. मुले साबणाचा फेस उडवितात आणि सज्जातून घरची मंडळी कौतुकाने पाहतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु या दोन्ही प्रकारांत पाणी, श्रम आणि पैसा खर्ची पडत असतो, आणि हा खर्च कशासाठी, त्याने नेमके काय साधते, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम केवळ यंत्राच्या दृष्टीने पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात : गंजरोधक थर, अस्तर, रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. या चारही थरांची मिळून जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असते. वरचा पारदर्शक थर तर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची जी चकाकी म्हणून नावाजली जाते, ती या एका थराची. आता दख्खनच्या रस्त्यांवरील धूळ म्हणजे काही पीठ नव्हे. तिच्यात वाळूचे बारीक, कठीण कण असतात. धूळ बसलेल्या पत्र्यावरून कोरडे फडके फिरविले की हे कण त्या नाजूक थरावर ओरखडे काढीत जातात. एका दिवसाने काही बिघडत नाही. वर्षभराने मात्र काळ्या वा गडद रंगाची गाडी उन्हात उभी केली, की तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी स्पष्ट दिसू लागते. म्हणजे जी गाडी रोज पुसली जाते, तीच लवकर निस्तेज होते. बादलीतल्या त्याच गढूळ पाण्यात फडके पुन्हा पुन्हा बुडवून दहा गाड्या पुसण्याने याहून वेगळे काही घडत नाही.

निस्तेज झालेली गाडी मग ‘रबिंग-पॉलिश’साठी गॅरेजात जाते आणि नव्यासारखी होऊन परत येते. येथे एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घासून केलेले पॉलिश म्हणजे काहीतरी चढविणे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः ते काढणे असते. ओरखड्याच्या तळापर्यंत पारदर्शक थर घासून सपाट केला, की ओरखडा दिसेनासा होतो. अशी घासाई किती वेळा करता येईल याला त्या थराच्या जाडीचीच मर्यादा आहे. एखाद्या कारखानदाराने घसारा न धरता भांडवलातूनच लाभांश वाटावा, तसा हा प्रकार होय. मेण किंवा अलीकडे बोलबाला झालेले सिरॅमिक कोटिंग यांची गोष्ट निराळी. ते खरोखरच वर चढतात, पाणी आणि घाण चिकटू देत नाहीत, आणि धुण्याचे काम हलके करतात. मात्र त्यासाठी काही हजार रुपये मोजणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की कोरड्या फडक्यापासून गाडी वाचविली, तर या कवचाची गरज पुष्कळ कमी होते.

मग गाडी धुवूच नये काय? तसे नाही. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते आणि उन्हात ती रंगाला खाते. ती दिसताच ओल्या फडक्याने मऊ करून काढणे यात शहाणपण आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर गळणाऱ्या चिकाचेही तसेच. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या चिखलात तर धुण्याला पर्याय नाही. पण तेथे धुवावयाचे असते ते गाडीचे पोट. मडगार्डाच्या आतल्या कडा, चाकांमागचे कोपरे, दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे येथे चिखल साठतो, ओल धरतो आणि पत्रा आतून गंजू लागतो. युरोप-अमेरिकेतील बर्फाच्या प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात. तेथील वाहनधारक गाडी खालून धुवून घेतात, ते याच कारणाने. आपल्याकडे मात्र टप आणि बॉनेट लखलखीत, आणि चाकांच्या वर गेल्या पावसाळ्याचा चिखल, अशी गाडी सर्रास आढळते. विंधनविहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने भर उन्हात गाडी धुतली, की पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. हे ठिपके काढण्यासाठी पुन्हा घासणे आलेच!

रोजच्या पुसण्याची ही सवय आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. परवाना-पद्धतीच्या काळात मोटार ही वर्षानुवर्षे नाव नोंदवून, वाट पाहून मिळणारी वस्तू होती. ॲम्बॅसडर काय किंवा फियाट-पद्मिनी काय, एकदा दारात आली की ती पंधरा-वीस वर्षे टिकवावयाची, हे गृहीतच होते. जुनी फियाट कारखान्यातील नियंत्रित किमतीहून अधिक भावाने खपावी, असे तेव्हाच्या टंचाईचे उरफाटे अर्थशास्त्र होते. त्या गाड्यांच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नव्हता; पत्राही गंजाला लवकर बळी पडे. अशा स्थितीत गाडी रोज पुसणे आणि महिन्याकाठी मेण लावणे ही भांडवलाची राखण होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मुक्त झाला, आणि मोटार ही हप्त्यावर घेऊन काही वर्षांत बदलावयाची वस्तू झाली. कारण नाहीसे झाले, सवय राहिली. तिला आता दुसरे कारण चिकटले आहे, ते प्रतिष्ठेचे. थॉर्स्टाइन वेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तेव्हा त्यांच्यासमोर मोटारी नव्हत्या. पण रोज सकाळी कोणीतरी आपली गाडी पुसतो, या गोष्टीचे समाधान त्यांना सहज उमगले असते.

यावर एक व्यावहारिक युक्तिवाद नेहमी केला जातो : गाडी चकचकीत ठेवली तर विकताना भाव येतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक विख्यात निबंध लिहिला आणि २००१ साली नोबेल पुरस्कार मिळविणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांकडे संशयाने पाहतो आणि चांगल्या गाडीलाही योग्य किंमत मिळत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. चकाकीने हा संशय फिटत नाही. कारण वाईट गाडीही तितक्याच खर्चात चकचकीत करता येते. जी खूण खऱ्या-खोट्या दोघांनाही सारखीच स्वस्त पडते, ती खूण म्हणून निरुपयोगी ठरते. विक्रीच्या आदल्या दिवशी एकदा नीट धुतलेली गाडी आणि व्यवस्थित जपलेल्या दुरुस्तीच्या पावत्या एवढ्याने काम भागते. त्यासाठी पाच वर्षे रोज पहाटे फडके फिरविण्याचे प्रयोजन नाही.

आता पाण्याकडे वळू. रबरी नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहते. साबण लावताना नळी चालूच ठेवण्याची रीत लक्षात घेतली, तर एका गाडीमागे दीडशे लिटर पाणी जाणे अगदी सामान्य आहे. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारचा माणशी दैनिक पाणीपुरवठ्याचा निकष १३५ लिटर आहे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी तो ५५ लिटर धरलेला आहे. म्हणजे नळीखालची एक रविवार-धुलाई खेड्यातील जवळजवळ तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी होय, आणि तेही खेड्यात ते प्रत्यक्षात मिळत असेल तर! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. या हिशेबाने सुमारे ३,३०० मोटारी नळीखाली धुतल्या, की ती अख्खी आगगाडी रिकामी होते. हेच काम दोन बादल्यांत, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्याची, तीस-चाळीस लिटरांत होते, आणि अधिक चांगले होते. कारण धुळीचे कण दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसतात, फडक्यात राहत नाहीत.

अर्थात येथे भावनेच्या आहारी जाऊन चालणार नाही. शहराच्या एकूण पाण्यात मोटारींच्या स्नानाचा वाटा किरकोळ आहे. जुनाट जलवाहिन्यांतून गळून जाणारे पाणी त्याहून कितीतरी अधिक असते, आणि शेतीच्या तुलनेत तर शहराचा सगळाच वापर लहान ठरतो. तेव्हा मोटार धुणारा हा काही दुष्काळाचा आरोपी नव्हे. प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात उपनगरातील ज्या संस्थेला टँकर मागवावे लागतात, तेथे आवारातल्या नळातून जाणारी शेवटची बादली ही टँकरच्या भावाची असते, नगरपालिकेच्या भावाची नसते. अर्थशास्त्रात सरासरी खर्च आणि सीमान्त खर्च यांत भेद करतात, तो याचसाठी. आणि ही शेवटची बादली कोणाच्या खात्यावर पडते? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार प्रत्येक गाळ्यातील नळांची संख्या व आकार यांवरून वाटून घ्यावयाचा असतो. आवारातला नळ हा कोणत्याच गाळ्यातला नव्हे. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, ज्यांच्याकडे साधी सायकलही नाही, ते दोन मोटारी बाळगणाऱ्या शेजाऱ्याच्या गाड्या अंशतः स्वतःच्या पैशाने धूत असतात. हे त्यांना ठाऊक नसते; शेजाऱ्यालाही नसते. ज्या वस्तूची किंमत वापरणाऱ्याला द्यावी लागत नाही, तिचा वापर वाढतो, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

यावर सरकारी उपाय म्हणून बंदीकडे पाहिले जाते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी मोटारी धुण्यासाठी वापरण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड जाहीर केला. इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्यान्वये टंचाईच्या काळात जलकंपन्यांना नळीने गाडी धुण्यास मज्जाव करता येतो आणि दंड एक हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. मात्र बादलीने धुण्यास तेथे आडकाठी नाही. हा भेद मार्मिक आहे. कायदा धुण्याला हात लावीत नाही, वाहत्या नळीला लावतो. जर्मनीत अनेक नगरपालिकांनी रस्त्यावर किंवा उघड्या जमिनीवर गाडी धुण्यास मनाई केली आहे. तेथे चिंता पाण्याच्या टंचाईची नाही, तर तेल आणि साबण जमिनीत मुरण्याची आहे. आपल्याकडे आवारातील फेस नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो, याचा हिशेब ठेवण्याची पाळी अद्याप आलेली नाही. बंदीची मर्यादा अशी, की पहाटे सहा वाजता हजारो आवारांत कोण काय करतो हे पाहणारी यंत्रणा कोणत्याही नगरपालिकेजवळ नसते. आवारातल्या नळाला स्वतंत्र मीटर बसवून त्याचा आकार वाहनधारकांत वाटणे याला पोलीस लागत नाहीत; पण वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला, की चर्चा गाडी उभी करण्याच्या जागेवर घसरते आणि तेथेच संपते.

आणखी एक पक्ष राहतो, तो म्हणजे बादलीवाल्या माणसाचा. त्याला वगळून केलेला विचार अपुरा ठरेल. ‘आपली गाडी आपण धुवावी’ हा उपदेश ऐकावयास गोड वाटतो. त्यात स्वावलंबन आहे, व्यायामही आहे. पण वीस-पंचवीस मालकांनी हा उपदेश मनावर घेतला, की एका कुटुंबाची चूल अडचणीत येते. पिगू यांनी १९२० मध्ये एक गमतीदार विसंगती दाखवून दिली होती : एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. मालकाने स्वतः गाडी धुतली, तरी हेच घडते. हिशेबाच्या वहीतील ही घट फारशी मनावर घेण्याजोगी नाही. बादलीवाल्याच्या घरातील घट मात्र खरी असते.

परंतु म्हणून रोजचे पुसणे चालूच ठेवावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. या व्यवहारातील खरा दोष करारात आहे. मालक पैसे देतो ते रोजच्या हजेरीचे. काम किती चांगले झाले हे त्याला कळत नाही, आणि फडके फिरले की नाही हे मात्र धुळीवरून कळते. साहजिकच पुसणारा माणूस हजेरी भरतो. पंचवीस गाड्या सकाळी आठच्या आत उरकावयाच्या, तर कोरडे फडके फिरविण्यापलीकडे त्याने करावे तरी काय? त्याच मासिक पैशात त्याने आठवड्यातून एकदाच, पण दोन बादल्या आणि दोन स्वच्छ फडकी घेऊन, सावलीत, चाकांच्या आतून गाडी धुवावी, असे ठरले, तर रोज चार-पाच गाड्यांवर त्याचे भागेल. पाणी तर वाचेलच, रंगही वाचेल. आणि दिवसाचा जो वेळ मोकळा होईल, तो त्याचा असेल. फडकी आणि साबण यांचा खर्च मालकाने सोसावयाचा, हे ओघानेच आले. आज बहुतेक ठिकाणी ती फडकी तो स्वतःच्या घरून, जुन्या कपड्यांतून फाडून आणतो.