खिडकी हेही औषध

विद्यार्थी मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला तुम्ही कधी ना कधी रुग्णालयात गेला असाल. तेथे आपले लक्ष कोठे जाते? डॉक्टरांकडे, परिचारिकांकडे, औषधांच्या बाटल्यांकडे. खोलीला खिडक्या किती आहेत, छत किती उंच आहे, वारा कोठून येतो, हे सहसा कोणी पाहत नाही. मीही पाहत नसे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या अब्बांना एका रुग्णालयात ठेवले होते. खोली नवी आणि स्वच्छ होती. पण खिडकीची काच भिंतीत पक्की बसवलेली होती. ती उघडतच नव्हती. दुपारी वीज गेली. खोली थंड करणारे यंत्र बंद पडले आणि पाऊण तासात खोलीची भट्टी झाली. अब्बांना श्वास घेणे कठीण झाले. मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होतो. शेवटी परिचारिकेने चाकांची खाट ढकलत त्यांना आवारातल्या जुन्या इमारतीत नेले. तेथेही वीज नव्हतीच. पण छत उंच होते, भिंती जाड होत्या आणि समोरासमोर मोठ्या खिडक्या होत्या. थोड्याच वेळात अब्बांचा डोळा लागला.

वीज नसताना ती जुनी इमारत थंड कशी राहिली? हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. म्हणून मी जुन्या रुग्णालयांविषयी वाचू लागलो. जे समजले, ते तुम्हांला सांगतो.

प्रथम आपण सीरिया देशातील दमास्कस शहरात जाऊ. उर्दूत तुम्ही त्याला ‘दमिश्क’ म्हणता. ‘बीमार’ हा शब्द तर तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. त्यावरूनच ‘बीमारिस्तान’ हा फारसी शब्द झाला. बीमारिस्तान म्हणजे आजारी माणसांची जागा, अर्थात रुग्णालय. इ. स. ११५४ मध्ये सुलतान नूरुद्दीन झंगी याने दमास्कसमध्ये एक बीमारिस्तान बांधले. कित्येक शतके तेथे रोग्यांवर उपचार होत होते. विसाव्या शतकात त्या इमारतीत वैद्यकशास्त्राचे संग्रहालय झाले.

या इमारतीच्या मधोमध उघडे अंगण आहे. अंगणात पाण्याचा हौद आहे. अंगणाच्या चारही बाजूंना एकेक ऐवान आहे. ऐवान म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूने पूर्ण उघडे असे उंच दालन. आपल्याकडच्या ओसरीची आठवण यावी, अशी ही रचना आहे.

आता या रचनेचे काम कसे चालते ते पाहा. रात्री आकाश निरभ्र असले की अंगणातली फरशी आणि छप्पर आपली उष्णता सोडून देतात व थंड होतात. त्यांच्या स्पर्शाने हवाही थंड होते. थंड हवा जड असते. म्हणून ती खाली उतरते, अंगणात साठते आणि दालनांत शिरते. सकाळी बराच वेळ अंगणावर भिंतींची सावली असते, त्यामुळे हा गारवा टिकतो. दुपारी हौदातल्या पाण्याची वाफ होते. वाफ होताना पाणी आजूबाजूच्या हवेतली उष्णता घेते. तुमच्या घरातल्या मातीच्या माठात पाणी याच कारणाने गार राहते. शिवाय दगडी भिंती जाड असतात. बाहेरची उष्णता त्यांतून आत यायला अनेक तास लागतात. ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि बाहेरची हवा थंड होऊ लागते.

पाहा, येथे कोठे यंत्र आहे का? कोळसा, तेल, वीज काही लागते का? काहीच नाही. ऊन, वारा, पाणी आणि दगड यांचे स्वभाव ओळखून बांधणाऱ्यांनी त्यांनाच कामाला लावले.

इ. स. १२८४ मध्ये इजिप्तच्या कैरो शहरात सुलतान कलावून याने याहून मोठे रुग्णालय उभारले. तेथे तापाचे रोगी, डोळ्यांचे रोगी आणि शस्त्रक्रियेचे रोगी यांची व्यवस्था वेगवेगळी होती. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना तेथे उपचार मिळत. या रुग्णालयाच्या खर्चासाठी मालमत्ता वक्फ करून ठेवली होती. तिच्या उत्पन्नातून औषधे, पगार आणि इमारतीची देखभाल यांचा खर्च निघे. यात एक मोठा धडा आहे. इमारत बांधणे हे अर्धेच काम. ती नीट ठेवण्याची सोय आधीच केली, तरच ती पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडते.

हवा आणि स्वच्छता यांकडे दुर्लक्ष केले, तर काय होते? याचे दुःखद उदाहरण एकोणिसाव्या शतकात तुर्कस्तानात घडले. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचे युद्ध चालू होते. इस्तंबूलजवळच्या उस्कुदार येथील एका लष्करी बराकीत जखमी व आजारी इंग्रज सैनिकांना ठेवले होते. बराक मुळात रुग्णालय म्हणून बांधलेली नव्हती. तिच्याखालची गटारे तुंबली होती आणि आत हवा खेळत नव्हती. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथे परिचारिकांना घेऊन आल्या. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रोग्यांपैकी सुमारे ४२ जण मृत्यू पावत होते! मार्चमध्ये आरोग्य-तपासणीसाठी एक मंडळ आले. त्याने गटारे साफ करवली, घाण हलवली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात सुमारे दोनवर आले. कोणतेही नवे औषध सापडले नव्हते. सुधारली होती ती मुख्यतः जागा.

नाइटिंगेल हा धडा विसरल्या नाहीत. १८५९ मध्ये त्यांनी रुग्णालयांच्या बांधणीवर पुस्तक लिहिले. लांबट दालन, त्यात सुमारे तीस खाटा, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या आणि दर दोन खाटांना निदान एक खिडकी, अशी रचना त्यांनी सुचवली. एका बाजूने वारा आत येतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. १८७१ मध्ये लंडनमध्ये सेंट थॉमस रुग्णालयाची नवी इमारत याच पद्धतीने उभी राहिली. दूषित हवेतूनच रोग उत्पन्न होतात, असा त्या काळी अनेकांचा समज होता. तो समज पुढे चुकीचा ठरला; रोगजंतूंचा शोध लागला. पण खिडक्यांचा उपयोग मात्र खराच निघाला.

पुढे वीज आली, पंखे आले, वातानुकूलन यंत्रे आली. ‘आता खिडक्या हव्यात कशाला?’ असे लोकांना वाटू लागले. अनेक ठिकाणी छते खाली आली आणि खिडक्या बंद झाल्या. यात आपण काय गमावले, हे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात मोजून पाहण्यात आले. लिमा शहरातील आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी खोलीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडला आणि तो किती वेगाने बाहेर जातो ते मोजले. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत, दारे-खिडक्या उघड्या असताना, तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. नव्या पद्धतीच्या खिडक्यांच्या खोल्यांत ती १७ वेळा बदलत होती. यंत्राने हवा देण्याच्या खोल्यांसाठी प्रमाण होते १२ वेळा. मग त्यांनी गणित मांडले. क्षयाच्या, उपचार न झालेल्या रोग्यांबरोबर निरोगी माणसे एक दिवस राहिली, तर यंत्राच्या खोलीत शंभरातील ३९ जणांना संसर्ग होईल. जुन्या खोलीत ११ जणांना. खिडक्या बंद ठेवल्या तर ९७ जणांना!

मित्रांनो, याचा अर्थ जुने ते सगळे चांगले, असा मात्र घेऊ नका. शस्त्रक्रियेच्या खोलीला गाळून घेतलेली शुद्ध हवाच लागते. तेथे यंत्र हवेच. तसेच जुन्या इमारतीची नुसती नक्कल करूनही चालत नाही. दमास्कसची हवा कोरडी, म्हणून तेथे हौद गारवा देतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत पाण्याची वाफ लवकर होत नाही. तेथे हौदापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या आणि सावली देणारा व्हरांडा अधिक उपयोगी. म्हणजे आकार उसना घ्यायचा नाही, विचार घ्यायचा. आपल्या गावात ऊन कोठून येते, वारा कोणत्या दिशेने वाहतो, पाऊस किती पडतो, हे आधी पाहायचे आणि मग भिंत उभारायची. अशा इमारतीला वीज कमी लागते, धूर कमी होतो आणि वीज गेली तरी रोगी गुदमरत नाही.

आता एक प्रयोग करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गाच्या मध्यभागी एक अगरबत्ती लावा. प्रथम एकाच बाजूची खिडकी उघडा आणि धूर कसा हलतो ते पाहा. मग समोरची खिडकीही उघडा. काय फरक पडला, तो वहीत लिहा. आणि पुढच्या वेळी कोणाला भेटायला रुग्णालयात गेलात, तर खिडक्यांकडे जरूर पाहा. एखादी विनाकारण बंद दिसली, तर परिचारिकेला नम्रपणे विचारा, “ताई, ही खिडकी उघडली तर चालेल का?”